रक्तदाबाची गोळी सुरू करताना: कोकणातील रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मार्गदर्शक

कोकणात रक्तदाबाचे औषध बहुधा दोन वाटांनी घरात येते. एक वाट गावातल्या उपकेंद्राची किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राची, जिथून महिन्याभराच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. दुसरी वाट चाकरमान्यांची. मुंबईत नोकरी करणारा मुलगा गणपतीला किंवा शिमग्याला येताना तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांच्या चार-सहा पट्ट्या आईवडिलांसाठी घेऊन येतो. दोन्ही औषधे चांगलीच असतात. परंतु त्यांची नावे वेगळी, पट्ट्यांचे रंग वेगळे आणि कधी कधी आतले घटकही वेगळे असल्याने एकच औषध दोनदा घेतले जाण्याचा किंवा आवश्यक औषध नकळत बंद पडण्याचा धोका राहतो. ज्यांना नुकतीच गोळी सुरू झाली आहे, किंवा ज्यांच्या घरात अशा व्यक्तीची काळजी घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख क्रमाने लिहिला आहे. औषध ठरवण्याचे काम डॉक्टरांचेच आहे. ते औषध नीट ओळखून, नीट घेऊन, योग्य वेळी योग्य प्रश्न विचारण्याचे काम मात्र रुग्णाला स्वतःलाच करावे लागते.

पहिली पायरी: आकडा खरा आहे याची खात्री करणे

एकाच मोजणीवरून सहसा औषध सुरू करत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी दवाखान्यात घेतलेल्या मोजण्यांमध्ये वरचा आकडा १४० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा आकडा ९० किंवा त्याहून अधिक येत राहिला, तर उच्च रक्तदाब आहे असे धरले जाते. घरी शांतपणे मोजलेल्या आकड्यांसाठी हीच सीमा १३५/८५ अशी थोडी खाली मानतात, कारण दवाखान्यात गेल्यावर धास्तीने दाब चढणारे लोक पुष्कळ असतात. आकडा फारच वर असेल किंवा हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंडाचा विकार आधीच झालेला असेल, तर डॉक्टर पुढच्या भेटीची वाट न पाहता औषध सुरू करतात आणि ते योग्यच असते.

मोजणीपूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून, गप्प बसावे. लघवी तुंबलेली नसावी. दंडावरचा कपडा बाजूला करून पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि हात हृदयाच्या पातळीवर, टेबलावर टेकलेला असावा. वाडीतून चढण चढून आरोग्य केंद्रात पोहोचलेल्या माणसाची लगेच केलेली मोजणी काहीच सांगत नाही. चहा, विडी आणि मशेरी यांनंतरही अर्धा तास जाऊ द्यावा. मशेरीत तंबाखूच असते आणि तिच्यामुळे दाब काही काळ वर जातो, ही गोष्ट मशेरी लावणाऱ्या स्त्रिया डॉक्टरांना सहसा सांगत नाहीत आणि डॉक्टरही विचारायचे विसरतात. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजून घ्यावे आणि ज्या दंडावर आकडा अधिक येईल तोच दंड पुढे कायम वापरावा.

घरी यंत्र घ्यायचे असेल तर दंडाला बांधायचे, आपोआप हवा भरणारे यंत्र घ्यावे. मनगटाच्या यंत्रांवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्यावा, कारण अपुऱ्या पट्ट्याने आकडा खोटाच जास्त दिसतो. डॉक्टरांना दाखवण्यासाठी सात दिवस सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून वहीत लिहावे आणि पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. दिवसातून दहादा मोजत बसल्याने काळजी वाढते आणि काळजीने आकडा वाढतो, एवढेच होते.

दुसरी पायरी: गोळीचे काम समजून घेणे

हृदय किती जोराने रक्त ढकलते, बारीक धमन्या किती आवळलेल्या आहेत आणि शरीरात मीठ-पाणी किती साठले आहे, यांवर मुख्यतः रक्तदाब ठरतो. बाजारातले जवळजवळ प्रत्येक रक्तदाबाचे औषध या तिन्हींपैकी एखाद्या ठिकाणी काम करते. गोळी पोटात असेपर्यंत आणि तिचा अंश रक्तात असेपर्यंतच हे काम चालते. गोळी थांबली की दाब काही दिवसांत पुन्हा पूर्वीसारखा वर जातो. म्हणून आकडा १२८/७८ आला याचा अर्थ आजार गेला असा नसून औषध लागू पडले असा आहे, आणि नेमक्या याच टप्प्यावर अनेक घरांत गोळी बंद केली जाते.

उच्च रक्तदाबाला बहुतेक वेळा लक्षणच नसते. डोके दुखले की गोळी, बरे वाटले की सुट्टी, या पद्धतीने औषध घेतले तर त्याचा उपयोग होत नाही. औषध घ्यायचे ते पुढच्या दहा-वीस वर्षांसाठी: अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासावरून २०१६ मध्ये असे दाखवले गेले की वरचा आकडा १० ने खाली आणल्यास पक्षाघाताचा आणि हृदय निकामी होण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. ज्या वाडीतून मेंदूच्या स्कॅनची सोय असलेले रुग्णालय दोन तासांवर आहे, तिथे पक्षाघात टाळण्याला किती किंमत आहे हे वेगळे सांगायला नको.

तिसरी पायरी: पट्टीवरचे खरे नाव वाचणे

या संपूर्ण लेखातील एकच पायरी कोणी पाळणार असेल तर ती ही असावी, असे मला वाटते. प्रत्येक पट्टीवर मोठ्या अक्षरांत कंपनीने ठेवलेले नाव असते आणि त्याच्याजवळ लहान अक्षरांत औषधाचे मूळ नाव व मिलिग्रॅममधील मात्रा असते. हे लहान अक्षरांतले नाव महत्त्वाचे. एकाच औषधाला बाजारात कितीतरी व्यापारी नावे असतात, आणि सरकारी पुरवठ्यातल्या किंवा जनऔषधी केंद्रातल्या पट्टीवर बहुधा मूळ नावच असते. ते वाचता येत नसेल तर औषधाच्या दुकानदाराकडून, आशाताईंकडून किंवा शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वहीत मराठीत लिहून घ्यावे.

नव्याने औषध सुरू झालेल्या रुग्णाला सहसा पुढच्या गटांपैकी काहीतरी मिळते.

ॲम्लोडिपिन हे सर्वांत जास्त दिले जाणारे औषध. ते धमन्यांच्या भिंतीतील स्नायू सैल करते, दिवसातून एकदा पुरते आणि शरीरात बराच काळ टिकत असल्याने एखादी गोळी चुकली तरी दाब एकदम उसळत नाही. त्यासाठी नेहमीच्या रक्ततपासणीचीही गरज नसते. सिलनिडिपिन हे त्याच कुळातले औषध असून ते खासगी दवाखान्यांत बरेच लिहिले जाते.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन अशी ‘सार्टन’ने संपणारी औषधे मूत्रपिंडापासून सुरू होणारी, धमन्या आवळणारी एक रासायनिक साखळी रोखतात. मधुमेह असून लघवीतून प्रथिने जात असतील तर या गटाला पहिली पसंती मिळते, कारण त्याने मूत्रपिंडाचेही रक्षण होते. एनालॅप्रिल, रॅमिप्रिल ही ‘प्रिल’ने संपणारी औषधे त्याच साखळीवर दुसऱ्या ठिकाणी घाव घालतात. ‘सार्टन’ आणि ‘प्रिल’ दोन्ही एकाच वेळी घ्यायची नसतात. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत ती वेगवेगळी आलेली असतील तर दुकानातून घेण्याआधीच विचारावे. आणि ज्या स्त्रीला गर्भधारणा होऊ शकते किंवा व्हावी अशी इच्छा आहे, तिने हे दोन्ही गट टाळावेत, कारण गर्भाला त्यांच्यापासून गंभीर अपाय होतो. गर्भारपणात लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा यांसारखी वेगळी औषधे वापरली जातात.

क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि इंडापामाइड ही लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारी औषधे. त्यांची मात्रा लहान असते, क्लोरथॅलिडोन तर १२.५ मिलिग्रॅमपासून सुरू होते, आणि स्वस्त असूनही ती प्रभावी आहेत. पहिल्या काही दिवसांत लघवीला जरा जास्त जावे लागते, नंतर ते कमी होते.

एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी हृदयाचे ठोके संथ करणारी औषधे पूर्वी सर्रास दिली जात. आता हृदयविकार, ठोक्यांचा विकार असे वेगळे कारण असल्याशिवाय रक्तदाबासाठी त्यांना पहिला क्रमांक देत नाहीत. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे चालू असलेले एटेनोलॉल दिसले तर त्याची अजून गरज आहे का, हे पुढच्या भेटीत विचारायला हरकत नाही. पण ते आपल्या मनाने कधीही एकदम थांबवू नये, कारण ठोके आणि दाब उसळून छातीत दुखू शकते. दम्याच्या रुग्णाने या गटाची गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दमा असल्याचे आवर्जून सांगावे.

आता मुख्य मुद्द्याकडे. बाजारातल्या कितीतरी गोळ्यांत दोन किंवा तीन औषधे एकत्र असतात, आणि त्यांच्या व्यापारी नावांपुढे इंग्रजी अक्षरांची शेपटी असते. ‘एएम’ असेल तर आत ॲम्लोडिपिन आहे, ‘एच’ असेल तर हायड्रोक्लोरोथायाझाइड, ‘सीटी’ असेल तर क्लोरथॅलिडोन, असा साधारण संकेत आहे. खात्री मात्र लहान अक्षरांवरूनच करायची. समजा, आरोग्य केंद्रातून आईला ॲम्लोडिपिन ५ मिळते आणि मुलाने मुंबईहून आणलेल्या पट्टीत टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ एकत्र आहेत. सरकारी गोळी सकाळी आणि मुलाने आणलेली रात्री असे दोन्ही चालू राहिले, तर ॲम्लोडिपिन कोणी न सांगता दुप्पट झाले. पाय सुजतात, उठताना अंधारी येते, आणि मग त्या त्रासासाठी तिसरी गोळी सुरू होते. म्हणून एका वेळी एकाच ठिकाणचे औषध चालू ठेवावे, दुसरीकडची पट्टी डॉक्टरांना दाखवूनच वापरावी, आणि गावी व मुंबईत मिळून एकच वही ठेवावी.

चौथी पायरी: पहिले दोन-तीन महिने

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या पहिल्या जिल्ह्यांमध्ये सिंधुदुर्ग होता. या उपक्रमाची कल्पना साधी आहे: मोजकी, स्वस्त, दिवसातून एकदा घ्यायची औषधे एका ठरलेल्या क्रमाने द्यायची आणि रुग्णाला दर महिन्याला पाहायचे. क्रमाच्या तपशिलात राज्याराज्यांत फरक आहे, तरी ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन हीच औषधे त्यात प्रामुख्याने असतात. खासगी डॉक्टरांकडे गेल्यावरही मार्ग फारसा वेगळा नसतो.

पहिल्या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत आकडा उतरला नाही म्हणून डॉक्टर बदलण्यात अर्थ नाही. एक गोळी नेहमीच्या मात्रेत वरचा आकडा सरासरी ८ ते १० ने खाली आणते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ज्याचा दाब १७० आहे त्याला एका गोळीने भागणार नाही हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते. आणि दुसरी गोळी सुरू झाली म्हणजे आजार बळावला असेही नव्हे. एकाच औषधाची मात्रा दुप्पट केल्याने जो फायदा होतो त्यापेक्षा दुसऱ्या गटाचे औषध थोड्या मात्रेत जोडल्याने कितीतरी अधिक फायदा होतो, त्रासही कमी राहतो, म्हणून आजकाल अनेक डॉक्टर आरंभच दोन औषधांच्या एका गोळीने करतात. ‘मला डबल पॉवरची लागली’ म्हणून वाडीभर काळजी करण्यासारखे त्यात काही नाही.

उद्दिष्ट विचारून घ्यावे. बहुतेकांसाठी १४०/९० च्या खाली हा किमान टप्पा असतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास वरचा आकडा १३० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करतात. फार वयस्क, अशक्त, पडण्याची भीती असलेल्या व्यक्तीसाठी डॉक्टर सैल उद्दिष्ट ठरवू शकतात, आणि अशा आजीचा आकडा नातवंडांनी इंटरनेटवरच्या आकड्याशी ताडून पाहू नये.

पाचवी पायरी: वेळ, विसर आणि पावसाळ्यातली साठवण

गोळी सकाळी घ्यावी की रात्री, यावर बरीच चर्चा झाली. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सकाळी आणि संध्याकाळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार व पक्षाघाताच्या बाबतीत फरक आढळला नाही. तेव्हा जी वेळ रोज पाळता येईल ती उत्तम. लघवीवाटे मीठ काढणारी गोळी मात्र सकाळी घ्यावी, नाहीतर रात्री अंधारात मागीलदारी जाण्याची वेळ येते आणि पडण्याचा धोका वाढतो. सकाळच्या पेजेबरोबर गोळी अशी सांगड घातली तर विसर कमी पडतो. वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक औषधे उपाशीपोटीही चालतात, त्यामुळे संकष्टी किंवा सोमवारचा उपास असला तरी पाण्याबरोबर गोळी घ्यावी.

सकाळची गोळी दुपारी किंवा संध्याकाळी आठवली तर तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशीच आठवली तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. खोल समुद्रात मासेमारीला जाणाऱ्यांनी जितक्या दिवसांचा फेरा तितक्या गोळ्या आणि वर आठवड्याच्या जास्त, घट्ट झाकणाच्या डब्यात, पट्टीसकट न्याव्यात.

पट्टीसकट या शब्दावर कोकणात विशेष भर द्यायला हवा. टेल्मिसार्टन हवेतला ओलावा शोषून घेते, आणि म्हणूनच ते घेण्याच्या क्षणापर्यंत पट्टीतून बाहेर काढू नये अशी सूचना असते. आठवड्याच्या गोळ्या खणांच्या डबीत आधीच काढून ठेवण्याची पद्धत कोरड्या हवेत ठीक आहे. जून ते सप्टेंबर या काळात रत्नागिरी-सिंधुदुर्गात भिंतीलाही पाझर फुटतो, तिथे ती नको. डबी वापरायचीच असेल तर पट्टी कात्रीने कापून, गोळी वेष्टणातच ठेवून खणात घालावी. चुलीवरची फळी, न्हाणीघर आणि खिडकीतले ऊन या तिन्ही जागा औषधासाठी वाईट. पट्टी कापताना मुदतीची तारीख आणि नाव निघून जाणार नाही असे पाहावे.

सहावी पायरी: त्रास ओळखणे

औषधाने त्रास होतो तेव्हा बहुतेक रुग्ण डॉक्टरांना न सांगता गोळी बंद करतात, आणि पुढच्या भेटीत ‘चालू आहे’ म्हणतात. यातून डॉक्टर औषध लागू पडत नाही असे समजून मात्रा वाढवतात. याउलट त्रास नेमका सांगितला तर बहुतेक वेळा पर्याय असतो.

ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात, विशेषतः १० मिलिग्रॅमच्या मात्रेत आणि दिवसभर उभे राहणाऱ्यांना. मूत्रपिंड बिघडले अशी भीती लगेच वाटते, पण ही सूज बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपल्याने येते. तिच्यावर लघवीची गोळी विशेष चालत नाही. मात्रा कमी केल्याने किंवा जोडीला ‘सार्टन’ दिल्याने ती उतरते. एकाच पायाला सूज, पायात वेदना किंवा सोबत दम लागणे असेल तर मात्र कारण वेगळे असू शकते आणि लवकर दाखवावे. हिरड्या सुजणे हाही या औषधाचा कमी परिचित परिणाम आहे.

‘प्रिल’ गटाने काहींना कोरडा, घसा खवखवणारा खोकला लागतो. तो कफाच्या औषधाने जात नाही, गोळी बदलल्याने जातो. ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला तर गोळी थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे, कारण श्वासमार्ग बंद होऊ शकतो; हे क्वचितच होते, पण माहीत असावे.

क्लोरथॅलिडोन आणि त्याच्या भावंडांनी रक्तातले सोडियम व पोटॅशियम घटू शकते. वयस्क माणूस एकाएकी सुस्त झाला, असंबद्ध बोलू लागला, पायांत गोळे येऊ लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता रक्त तपासावे. पायाच्या अंगठ्याचा सांधा लाल होऊन ठणकू लागला तर वाढलेले युरिक ॲसिड हे कारण असू शकते.

कोणत्याही गोळीने सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते. भातलावणीच्या दिवसांत तासन् तास वाकून मग एकदम सरळ होणाऱ्यांना हे अधिक जाणवते. सावकाश उठावे, आधी गुडघ्यावर हात टेकून थांबावे, आणि चक्कर रोजचीच झाली तर उभे राहून एक मिनिटानंतरचा दाब मोजून घ्यावा. काही पुरुषांना लैंगिक दुर्बलता जाणवते, ते कोणाशी बोलत नाहीत आणि गोळी सोडतात. हे डॉक्टरांना सांगण्यात संकोच नसावा: हा त्रास काही गटांत जास्त आणि काहींत नगण्य असतो.

सातवी पायरी: गोळीच्या आड येणाऱ्या गोष्टी

पहिला क्रमांक दुखण्याच्या गोळ्यांचा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक या गोळ्या शरीरात मीठ धरून ठेवतात, दाब वाढवतात आणि ‘सार्टन’ किंवा लघवीच्या गोळीबरोबर मूत्रपिंडावर ताण आणतात. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून रोज एक घेणाऱ्याचा दाब तीन औषधांनीही आटोक्यात येत नाही, आणि कारण कोणाच्याच ध्यानात येत नाही. साध्या दुखण्याला डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल बरे. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांतील काही घटकही दाब चढवतात. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळण्याची सवय निरुपद्रवी वाटते. रोज मोठ्या प्रमाणात घेतल्यास ज्येष्ठमधाने दाब वाढतो आणि पोटॅशियम घटते.

झाडपाल्याच्या औषधांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. सर्पगंधा सह्याद्रीच्या जंगलांत आढळते आणि तिच्या मुळीने दाब उतरतो हे खरेच आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये या मुळीच्या वापराचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले, आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळे काढण्यात आले. एके काळी ते जगभर वापरले जाई. पुढे ते मागे पडले, कारण नाक चोंदणे, सुस्ती आणि खिन्नता हे त्रास होत आणि दरम्यान अधिक सुसह्य औषधे आली. मुळीच्या चूर्णात औषधाचे प्रमाण किती हे घरी कळत नाही. गोळी चालू असताना तिची भर घातली तर दाब नको तितका खाली जाऊ शकतो. ती घेत असाल तर लपवू नये, रागावले जाण्याची भीती असली तरीही.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्याच्या आत, सर्व पदार्थांत मिळून, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सुकट, खारवलेला बांगडा, फणसाचे पापड आणि कैरीचे लोणचे एका ताटात आले की ही मर्यादा एका जेवणात संपते. खारी मासळी भिजवून ते पाणी टाकले तर मीठ कमी होते, नाहीसे होत नाही. मासे सोडण्याचे कारण नाही, ताजे खावेत. मात्र ‘कमी सोडियमचे मीठ’ विकत घेण्याआधी विचारावे: त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असते, आणि शहाळ्याच्या पाण्यातही ते भरपूर असते. निरोगी मूत्रपिंड असलेल्याने अधूनमधून शहाळे प्यायला हरकत नाही. मूत्रपिंडाचा विकार असून ‘सार्टन’ किंवा ‘प्रिल’ चालू असेल तर रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळी नेण्याची आपल्याकडची रीत इथे अडचणीची ठरते.

आठवी पायरी: जुलाब, ताप आणि उन्हाळा

उलट्या-जुलाब होऊन पोटात पाणी ठरत नसेल, तेव्हा ‘सार्टन’, ‘प्रिल’ आणि लघवीच्या गोळ्या नेहमीप्रमाणे चालू ठेवल्यास दाब फार खाली जाऊन मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. अशा वेळी डॉक्टर या गोळ्या एक-दोन दिवस थांबवतात आणि खाणेपिणे पूर्ववत झाल्यावर पुन्हा सुरू करतात. म्हणून ‘मला जुलाब लागले तर यातली कोणती गोळी थांबवू?’ हा प्रश्न तब्येत चांगली असतानाच विचारून उत्तर वहीत लिहून ठेवावे. मध्यरात्री विचारायला कोणी सापडत नाही.

पावसाळ्यात शेतात चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. हा आजार मूत्रपिंडावरही घाला घालतो आणि त्यात दाब खाली जातो. तापासाठी दवाखान्यात गेल्यावर रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्याचे सांगून पट्टी दाखवावी. मे महिन्याच्या उकाड्यात घाम गाळून काम करणाऱ्या आणि लघवीची गोळी घेणाऱ्या व्यक्तीला थकवा व चक्कर जाणवू लागली, तर मात्रेचा विचार डॉक्टरांकडून करून घ्यावा.

नववी पायरी: आकडा एकदम वर गेला तर

यंत्रावर १८०/१२० किंवा अधिक दिसले, तर प्रथम लक्षणे पाहावीत. छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, दिसेनासे होणे, गोंधळल्यासारखे वागणे किंवा अपस्मारासारखा झटका, यांपैकी काहीही असेल तर १०८ वर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचे स्कॅन व्हावे लागते. आपल्या गावापासून अशी सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे आजच विचारून ठेवावे. जवळच्या छोट्या दवाखान्यात सलाइन लावून बसण्यात मौल्यवान तास जातात.

कोणतेही लक्षण नसेल तर घाबरून जाऊ नये. अर्धा तास शांत बसून पुन्हा मोजावे, त्या दिवसाची गोळी राहिली असेल तर घ्यावी, आणि आकडा वरच राहिल्यास त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकण्याची जुनी पद्धत अजून कुठे कुठे दिसते. ती धोकादायक आहे: दाब एकदम कोसळून मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडते.

दहावी पायरी: तपासण्या, आणि गोळी कमी होऊ शकते का

औषध सुरू करताना रक्तातील क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, लघवीची तपासणी आणि हृदयाचा आलेख झाला तर उत्तम. ‘सार्टन’, ‘प्रिल’ किंवा लघवीची गोळी सुरू केल्यावर अथवा मात्रा वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन व पोटॅशियम पुन्हा पाहतात, नंतर वर्षातून एकदा तरी. यांतल्या बऱ्याच तपासण्या ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयात होतात. असंसर्गजन्य आजारांच्या बाह्यरुग्ण विभागाची चौकशी करावी. तीन औषधे पूर्ण मात्रेत, त्यांतले एक लघवीचे, नियमित घेऊनही दाब उतरत नसेल, तर चौथे औषध जोडण्याआधी मीठ, दुखण्याच्या गोळ्या, घोरणे व झोपेतला श्वास अडणे, मूत्रपिंडाचे आणि ग्रंथींचे विकार यांचा शोध घ्यावा लागतो. त्यासाठी तज्ज्ञाकडे पाठवण्याची विनंती रुग्णानेही करावी.

औषध जन्मभर चालणार का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर होय असेच आहे, पण मात्रा जन्मभर तीच राहील असे नाही. वजन बरेच उतरले, मीठ आणि दारू कमी झाली, रोज चालणे सुरू झाले, किंवा वयाबरोबर दाब खाली राहू लागून चक्कर येऊ लागली, तर डॉक्टर एका वेळी एकच औषध, टप्प्याटप्प्याने कमी करतात. क्लोनिडिन हे रक्तदाबाचेच आणखी एक औषध आणि ठोके संथ करणारी औषधे तर विशेष सावकाश उतरवावी लागतात. मात्रा कमी केल्यानंतर पहिले काही महिने आठवड्यातून दोन-तीनदा घरी मोजून आकडे वहीत लिहावेत, आणि त्यांची सरासरी पुन्हा १३५/८५ च्या वर जाऊ लागली तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता वही व चालू पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जावे.